ओमेशचं निळं बटण

सौंदडच्या ओमेश कटरेला माणसांशी बोलताना घाम फुटायचा. कॉम्प्युटरशी मात्र तो भांडायचासुद्धा. गोंदियातल्या एका कार्यालयात नकाशे काढायची कंत्राटी नोकरी होती. मुदत वाढली नाही, तर सासरे देवीदासजींच्या राईस मिलमध्ये गल्ल्यावर बसायचं, हे ठरलेलं. देवीदासजी एका दमात ‘बेटा’ही म्हणत आणि कामही सांगत.

मुदत वाढावी म्हणून त्यानं नकाशाच्या सॉफ्टवेअरसाठी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत छोटं प्लगइन, म्हणजे जोडप्रोग्राम, लिहिलं. एकच निळं बटण. दाबलं, की उपग्रहाच्या छायाचित्रात दिसेल त्या पाण्याभोवती तलावाची हद्द आपोआप आखली जाणार. बटण पडद्यावर पहिल्यांदा उमटलं तेव्हा ते दाबायचं सोडून तो कौतुकानं बघतच बसला.

मुदत वाढवणं ज्यांच्या हाती होतं ते केशोराव साहेब दुपारी ते पाहायला येणार होते. सकाळी ओमेशनं बटण दाबलं आणि अख्खा तालुका निळा झाला. सौंदडचं स्टेशन तेवढं बेटासारखं उरलं.

शेजारच्या टेबलावरचा छोटेलाल चहा घेऊन वाकला. “काऊन रे, समुद्र आणला का गोंदियाले?” मग बोट टेकवत म्हणाला, “हे पाय, तुह्या बापाची बांधी. इथंबी तलाव. आता धान कायले लावता, मासे सोडा.”

ओमेशला हसू आलं नाही. छायाचित्र पावसाळ्यातलं, धानाच्या रोवणीच्या दिवसांतलं होतं. ढगांतून एक स्वच्छ सापडलं म्हणून तो केवढा खूश झाला होता. तेव्हा धानाच्या शेतातल्या बांध्या पाण्यानं भरलेल्या असतात, हे त्या चिखलात स्वतः चपला हरवलेल्या माणसानं विसरावं? पण धान कापल्यावर बांधी कोरडी पडते आणि तलाव तलावच राहतो.

त्यानं कापणीनंतरचं छायाचित्र शोधलं. दोन्हींत पाणी दिसेल तोच तलाव, अशी ओळ घातली. पायथनमध्ये ओळीआधीच्या मोकळ्या जागाही मोजून सोडाव्या लागतात; एक कमी पडली, तर तो मानपान चुकलेल्या जावयासारखा रुसला. ओमेशनं ती जागा सोडून त्याची समजूत काढली.

दुपारी साहेबांनी स्वतः बटण दाबलं. ओमेशनं डोळे मिटून घेतले.

“हा स्टेशनामागचा तलाव,” साहेब म्हणत होते, “आणि हा आमच्या साळ्याच्या गावचा. बरोबर आहे. राहा आणखी वर्षभर.”

ओमेशनं डोळे उघडले. बापाची बांधी कोरडी ठणठणीत होती. इतकी सुंदर ती त्याला कधीच दिसली नव्हती.

तेवढ्यात बायकोचा, चेतनाचा फोन आला. “बाबूजी विचारून राहिले, गल्ल्यावर कधीपासून येता?”

“त्यांना माझा नमस्कार सांग,” ओमेश म्हणाला, आणि छोटेलालच्या टेबलावरचा दुपारचा चहा न विचारता पिऊन टाकला.