खिशातले दुसरे गाणे

इद्वल ब्रीझने एकतीस वर्षे पशुखाद्याच्या गिरणीची लॉरी चालवली. अपघात एकच, तोही उभ्या फाटकाशी. तो कमी बोलत असे, आणि वर्षातून एकदा गात असे. नाताळ उलटला की खोऱ्यातल्या चर्चमध्ये प्लगाइनची संध्याकाळ होते. माणसे वाद्याविना, तिघे-चौघे मिळून, जुनी नाताळगीते म्हणतात. त्या संध्याकाळी ब्रीझ बंधूंना ऐकायला लोक दोन-दोन तास गाडी चालवून येत.

त्यांचे गाणे वडिलांनी तीन पुरुषी आवाजांसाठी बसवले होते. वरचा आवाज थोरल्या इद्वलचा, मधला टेगविनचा, खर्ज धाकट्या इव्होरचा. वडिलांच्या वहीत ओळींसमोर तशी नावेच लिहिलेली होती. नऊ कडवी, प्रत्येक कडव्याच्या तिसऱ्या ओळीत वरचा आवाज एका सुरावर चढतो आणि चार मात्रा तिथेच उभा राहतो. चाळीस वर्षे लोक त्या सुराची वाट पाहत आले.

मार्चमध्ये इद्वलच्या गळ्यातली गाठ काढली. आवाज परत येईल, असे डॉक्टर म्हणाले. बोलण्यापुरता आला. वरचा सूर आला नाही. धरणाच्या भिंतीपाशी गाडी लावून, काचा वर करून तो आठवड्यातून तीनदा प्रयत्न करी, आणि गळ्यातून तेल न घातलेल्या बिजागरीसारखा आवाज निघे. हे फक्त आपली बायको नेस्टा जाणते, असे तो धरून होता.

"सांगून टाक ना त्यांना," ती म्हणे.

"सांगतो," तो म्हणे, आणि डिसेंबर उजाडला.

तालमी टेगविनच्या स्वयंपाकघरात होत. इद्वल अर्ध्या आवाजात म्हणून घेई.

"आवाज राखून ठेवतोय," तो सांगे.

"कशासाठी? नव्वदी गाठल्यावर लागेल म्हणून?" इव्होर विचारी. टेगविन चहा ओते.

पट्टी दोन सुरांनी खाली धरावी, हाही विचार त्याने करून पाहिला. मग इव्होरचा खर्ज जमिनीखाली गेला असता, आणि कारण सगळ्या चर्चला कळले असते. थोरल्याने आपली ओळ धाकट्याला द्यायची, हे तर त्याच्या मनातही येत नव्हते.

सहा जानेवारीला संध्याकाळची प्रार्थना आटोपून पाळक खाली बसले. प्रार्थनेनंतर कुणाचे नाव पुकारले जात नाही. ज्यांना गायचे ते उठतात, गातात, जागेवर जातात. नियम एकच: एकदा म्हटलेले गाणे त्या संध्याकाळी पुन्हा म्हणायचे नाही. म्हणून वडील बजावत, खिशात दुसरे गाणे असलेच पाहिजे.

दोन गट गाऊन बसले. तिसरी जागा रिवाजाने ब्रीझांची. टेगविनने गुडघा लावून खुणावले. इद्वलच्या मुठीत पट्टीचा सूर देणारा नादकाटा होता. तो त्याने वाजवला नाही.

"थांब जरा," तो म्हणाला.

"का? बाकाला चिकटलास की काय?" इव्होर कुजबुजला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून चौघे उठले. डोंगरापलीकडची, या चर्चमध्ये नवी माणसे. पुढे जाऊन त्यांनी पट्टी धरली, आणि पहिल्या ओळीलाच निम्म्या चर्चने माना वळवून ब्रीझांकडे पाहिले. गाणे तेच होते.

जुन्या गाण्यावर कुणाची मालकी नसते. पण त्या खोऱ्यातल्या कुणी हे गाणे तोंडी घेतले नसते.

"चोर लेकाचे!" इव्होर म्हणाला.

"चर्चमध्ये आहेस," टेगविनने दटावले.

"ते चर्चमध्ये आहेत म्हणून वाचले."

इद्वलला राग यायला हवा होता. त्याऐवजी लॉरीचा हँडब्रेक सुटावा तसे मार्चपासून आवळलेले त्याचे खांदे खाली आले. तिसरी ओळ आली. या चौघांची मांडणी वेगळी होती. तो उंच सूर त्यात नव्हताच. चाल त्याच्या खालून सरळ निघून गेली. नऊ वेळा गेली. छप्पर कोसळले नाही.

"आता?" टेगविनने विचारले.

"खिशातलं," इद्वल म्हणाला, आणि सगळ्यांत आधी उठला.

ते गाणे वहीच्या शेवटच्या पानावर होते. पाच कडवी, चाल मधल्या आवाजाकडे, वरच्याला फार चढणे नाही. वीस वर्षांत ते चर्चमध्ये म्हटले नव्हते. विसरू नये म्हणून वर्षातून एकदा तालमीत म्हणत. इद्वल त्याला म्हाताऱ्यांचे गाणे म्हणे. आज त्याने ते पूर्ण आवाजात म्हटले, आणि आवाज कुठेही अडला नाही. वही मिटताना पानाच्या तळाशी वडिलांच्या अक्षरातले वर्ष दिसले. त्याच वर्षी वडिलांनी स्वतः वरचे गाणे सोडून तो आवाज त्याच्या हवाली केला होता. तेव्हा त्याला ती बढती वाटली होती.

शेवटच्या गाण्याला सगळे पुरुष पुढे येतात आणि आवाजाप्रमाणे उभे राहतात. इद्वल डावीकडे, वरच्या आवाजांत, गेला नाही. तो उजवीकडे, खर्जवाल्यांत, इव्होरच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

इव्होर त्याच्याकडे न पाहता सरकला. "पायावर पाय देऊ नको."

नंतर सभागृहात जेवण होते: हॅम, लोणच्यातले कांदे, मनुकांची पोळी, चहा.

"वरचं जमत नाही मला," इद्वल म्हणाला. "मार्चपासून."

"माहितीये," टेगविन म्हणाला. "सप्टेंबरपासून."

"याच्या कुत्र्यालासुद्धा माहितीये," इव्होर म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"थोरला तू. आधी तू बोलायचंस."

एवढ्यात त्या चौघांतला मेर्विन नावाचा उंच माणूस कप हातात घेऊन अवघडत आला. "आत्ताच कळलं, ते गाणं तुमचं होतं म्हणे. माफ करा हं. पुढच्या वर्षी दुसरं म्हणू आम्ही."

"नाही," इद्वल म्हणाला. "तेच म्हणा. फक्त आमच्या आधी उठा."

आणि त्याने हॅमचा दुसरा तुकडा वाढून घेतला.