पोचलेला कंटेनर
डिझेलच्या धुरात ओल्या मातीचा वास मिसळला की मला हॉलंडचा वसंत आठवतो. न्हावा शेवा बंदराच्या गेटवरून बाबा रिटायर झाले, त्यानंतरच्या एप्रिलमध्ये मी त्यांना तिकडे नेलं होतं. ॲमस्टरडॅमचे कालवे झाले, रॉटरडॅमचे पूल झाले, मग बसच्या खिडकीबाहेर नजर पोचेल तिथवर लाल-पिवळे ट्युलिप. सगळे फोटो काढत होते आणि बाबा आपले गप्प. एवढ्या लांब आणलं तरी माणूस साधं ‘छान’ म्हणेना, म्हणून मी मनात धुमसत होते. एका थांब्यावर ते दिसेनात. बघते तर शेताकडेला उभ्या कंटेनरच्या मागे जाऊन, गेटवर रोज बघायचे तसं, दाराचं सील ओढून बघतायत! कंटेनरचा ड्रायव्हर ओरडत धावत आला. मी शरमेने त्यांचा हात ओढला, “बाबा, चला, हे आपलं गेट नाहीये!” ते म्हणाले, “अगं, तीस वर्षं नुसते रवाना केले. एक तरी पोचलेला बघू दे की.” आणि त्या प्रवासात पहिल्यांदा हसले. आता बाबा नाहीत. पनवेलच्या सिग्नलला पुढे कंटेनर अडला की मागचे सगळे हॉर्न वाजवतात. मी नाही वाजवत.