पितळी कुलपाचा नांगर

चाळीसेक वर्षांपूर्वी मी माझ्या दिराचं लग्न जवळजवळ मोडलं होतं, आणि तेही त्याचं कौतुक करता करता. मागच्या महिन्यात अमरावतीहून माझ्या धाकट्या जावेचा, शालूचा फोन आला, "ताई, हे गेले." तेव्हा मला आधी आठवली ती माझी तीच आगाऊ जीभ...

दिनकरभाऊजी नौदलात होते. आम्ही त्यांच्यासाठी शालूला पाहायला अकोल्याहून बाळापूरला गेलो होतो. बैठकीत पोहे आले. मी नवी सून, त्यातून मॅट्रिक झालेली, म्हणजे काय विचारता! पोह्यांची बशी सावरत मी तिच्या वडिलांना सांगून टाकलं, आमच्या भाऊजींचं जहाज दरवेळी वाळूत जाऊन रुततं. बंडी चिखलात फसली तरी गाडीवानाचा उद्धार करणारा तो शेतकरी माणूस. त्यांनी बशी खाली ठेवली, आणि पोरीला अजून शिकवायचा विचार आहे म्हणाले. भाऊजींचा चेहरा उतरला. शालू त्यांना पाहताक्षणी आवडली होती, हे मलाही दिसत होतं.

चिडले मात्र नाहीत. त्यांनी पाण्याची परात मागितली. एका कडेला ओली माती थापली. डब्याचं झाकण म्हणजे जहाज, तुरीचे दाणे म्हणजे रणगाडे. बेटावर जहाज लावायला धक्का नसतो, असला तरी त्यावर शत्रू दबा धरून बसलेला, म्हणून जहाजच मुद्दाम वाळूवर चढवायचं, पुढचं दार उघडायचं, रणगाडे उतरवायचे, असं ते सांगत गेले. शालूचे वडील उकिडवे बसून बघू लागले. एवढा वेळ खाली मान घालून बसलेली शालू एकदम बोलली, "आन् रुतलेलं जहाज मांगं कसं येते?"

भाऊजींनी कोनाड्यातलं छोटं पितळी कुलूप मागून घेतलं, दोऱ्यानं झाकणाला बांधलं.

"चढाच्या आदीच मांगं नांगर टाकून ठेवतो जी. निघाचं असलं का त्याच दोरावर सोताले ओढून घेतो."

लग्न ठरलं. शालूनं ते कुलूप सासरी आणलं. जहाजावर परतताना भाऊजी दरवेळी ते खुंटीला अडकवून जात. सुटीवर आले की चप्पल काढायच्या आधी खुंटीकडे बघत.

अमरावतीला त्यांच्या घरी तेरवी झाली. शालूला दिसायला नको म्हणून मी ते कुलूप खुंटीवरून हळूच काढलं. आयुष्यभराची शहाणी ना मी! तिनं ते माझ्या हातून घेतलं, पुन्हा खुंटीला लावलं.

"राहू द्या ताई. ते येनार नाई, समजते मले. पन दिवसभर मी कुठंकुठं जाऊन रुतते... मले परत याले काईतरी पायजे."