अर्ध्या टक्क्यावर पडलेलं सरकार

सुनीती परचुरे ऑकलंडजवळच्या हॅमिल्टनमधल्या एका शाळेत इतिहास शिकवायची. पुण्यात असताना ती जर्मन शिकली होती, पण नोकरीसाठी नव्हे. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीने राजाला घालवून लोकशाही उभी केली आणि जेमतेम पंधरा वर्षांत ती आपल्याच हाताने मोडली, हे झालं तरी कसं, याने तिला पछाडलं होतं. नवरा गुरुदत्त दुधाच्या कंपनीत इंजिनीअर म्हणून इकडे आला, पाठोपाठ ती आली आणि तिचं हे वेडही आलं.

शेवटच्या वर्गातल्या मुलांना जर्मनीतल्या १९२३ सालच्या महागाईचे फोटो फार आवडायचे. नोटांच्या थप्प्या रचून किल्ले करणारी पोरं बघून वर्ग खिदळायचा. सुनीती खिदळू द्यायची आणि मग म्हणायची, "यातून तो देश सावरला होता. घात झाला तो नंतर."

मग ती १९३० सालचा मार्च सांगायची. मंदीने कारखाने बंद पडत होते, बेकारांच्या रांगा वाढत होत्या. बेकारभत्त्यासाठी पगारावर जी वर्गणी घेत, ती अर्ध्या टक्क्याने वाढवायची की नाही यावरून सरकारातलेच पक्ष हमरीतुमरीवर आले. कुणी मागे हटेना, सरकार पडलं. पुढे संसद राहिली नावाला. राष्ट्राध्यक्षाच्या सहीने हुकूम निघू लागले. लोकांना त्याची सवय झाली, आणि तीन वर्षांत त्या सवयीचा मालक येऊन बसला.

दरवर्षी ती वर्गाचे पक्ष पाडायची आणि सांगायची, "वाचवा हे सरकार." मुलं तावातावाने भांडायची, रुसायची, पण शेवटी काहीतरी तोड काढायचीच. कुणी म्हणे, पाव टक्का आत्ता, पाव पुढच्या वर्षी. सुनीती घरी येऊन गुरुदत्तला सांगायची, "आज पुन्हा वाचलं बघ." तो म्हणायचा, "तुझ्या वर्गात वाचून काय उपयोग?" पण तिला तेवढं पुरायचं.

गेल्या वर्षी मजूरपक्षाची पुढारी होती स्वरदा, सुनीतीच्या मैत्रिणीची मुलगी. वर्गातली सर्वांत हुशार. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मिस, आम्ही ठरवलंय. प्रेसिडेंटनेच डिसाइड करावं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच."

सुनीतीने वर्गाकडे पाहिलं. एकेक करत सगळे हात वर गेले. कुणी चिडलेलं नव्हतं, कुणाच्या डोळ्यांत कसलं वेड नव्हतं. त्यांना कंटाळा आला होता, इतकंच.

"पुढे काय झालं ते माहीत आहे ना तुम्हाला? मागच्याच आठवड्यात शिकलो आपण."

"माहितीये, मिस," स्वरदा समजुतीच्या सुरात म्हणाली. "पण हे लोक नुसते भांडतात. त्यापेक्षा काहीतरी होईल तरी."

लंचची घंटा झाली आणि वर्ग रिकामा झाला. सुनीती खुर्चीत बसून राहिली. आपलं कुठे चुकलं ते तिला सापडेना. कुणी खोटं शिकून आलं असतं तर तिने खोडून काढलं असतं. या मुलांना सगळं खरं ठाऊक होतं.

त्याच महिन्यात शिक्षकांची मीटिंग झाली. इतिहास आणि भूगोल, दोन्हींना मुलं कमी पडत होती. दोन्ही विषय एक वर्षाआड चालवले तर दोन्ही तगले असते. पण पहिलं वर्ष कुणाचं? भूगोलवाला नील म्हणाला, "यंदा थांबलो तर माझी मुलं परत येणार नाहीत." सुनीतीही तेच म्हणाली. तिसऱ्या मीटिंगपर्यंत दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले होते. अखेर प्रिन्सिपलबाईंनी विचारलं, "मग मी एकटीने ठरवू का? चालेल सगळ्यांना?"

खोलीभर सुटकेचा निःश्वास पसरला. हात वर झाले. सुनीती फार थकली होती. तिचाही हात वर गेला. तो वर गेलेला तिच्या लक्षात आला तेव्हा प्रिन्सिपलबाई आभार मानत होत्या.

शेवटच्या वर्गाचा इतिहास बंद झाला. भूगोलही गेला. दोन्हींच्या जागी टूरिझम आलं. नील शाळा सोडून गेला. सुनीतीला धाकट्या मुलांचे वर्ग मिळाले, आणि आठवड्यातून दोनदा टूरिझम, त्यात हॉटेलचं बुकिंग कसं करायचं ते ती शिकवू लागली.

ती चिडेल, भांडेल, असं गुरुदत्तला वाटलं होतं. ती टूरिझमच्या धड्यांची टाचणं काढत बसली. एकदा तोच म्हणाला, "दुसरीकडे बघ की. ऑकलंडला असेल एखादी शाळा."

"शिकवून काय होतं, ते बघितलं मी," ती म्हणाली आणि इस्त्री करत राहिली.

यंदा गणपतीत स्वरदा आईबरोबर आली. आता ती ऑकलंडच्या युनिव्हर्सिटीत असते. वाकून नमस्कार करून म्हणाली, "काकू, तुमचा क्लास मला हीप्स, म्हणजे खूपच, आवडायचा. अजून सगळं आठवतं."

"मतदार म्हणून नाव घातलंस का गं? आता अठराची झालीस ना?"

"नाही हो काकू. सगळे सारखेच. काय फरक पडतो?"

आई हसली, गुरुदत्तही हसला. पूर्वी अशा वेळी सुनीतीला दहा गोष्टी सुचायच्या. बाहेर अंगणात कुणाच्या तरी मुलांनी गलका केला, स्वरदा उठून तिकडे गेली, आणि सुनीती प्रसादाच्या वाट्या गोळा करायला लागली.