बिबट्याचा वाद आणि उसातली वाट

उसात बिबट्या दिसला की नाही, हे ठरेपर्यंत कुणाची शाळा बुडू द्यायची?

मी पुण्याहून लोणी काळभोरजवळच्या मामाच्या वस्तीवर गेले, तेव्हा पारावर एका धूसर व्हिडिओवरून वाद पेटला होता.

"बिबट्याच हाय," मामा म्हणाला.

"तुझंच मांजर असंल, दूध पिऊन माजलेलं," शेजारचे आबा म्हणाले. सगळे हसले.

दहावीतली मामेबहीण मात्र कित्येक दिवस घरीच होती. शाळेची वाट उसातून जाते आणि मामा तिला एकटीला पाठवत नव्हता.

चहा देता देता मामी म्हणाली, "रात्री पाण्याची मोटार चालू करायला दोघं-दोघं जाता, मोबाइलवर गाणी लावून. तवा वाद नसतो. पोरीसंगं जायला कुणाला येळ न्हाई."

बिबट्याबद्दल शंका असेल. मोटारीला सोबत मिळते आणि मुलीला मिळत नाही, याबद्दल शंका नव्हती.

मी म्हणाले, "मामा, उद्या आपण दोघं तिला सोडू." त्याने होकारार्थी मान हलवली.

तुमच्या गावातही हा वाद चालू असेल, तर चालू द्या. पण उसातून शाळेत जाणाऱ्या मुलींबरोबर उद्या सकाळी कोण चालणार, हे आजच ठरवा.