दादाच्या सिनेमाचा शेवट

आजारी माणसाला सिनेमा दाखवावा, पण त्याचा शेवट दाखवू नये, हा नियम आमच्या घरात वैद्याच्या पथ्याइतका पवित्र होता. परवा तापाने पडलो असताना टीव्हीवर दादाचा तो जुना सिनेमा लागला आणि नव्वदच्या दशकातलं मुरबाडकडचं आमचं घर आठवलं.

मोठा भाऊ काविळीने खाटेवर होता. खोलीत एरंडाच्या पाल्याचा उग्र वास, भाताच्या कणगीशेजारी शहापूरहून भाड्याने आणलेला व्हीसीआर. दादाला हा एकच सिनेमा पुन्हापुन्हा हवा असे. पण नायक दवाखान्यात आडवा झाला की आई कॅसेट थांबवायची. शेजारच्या काकूंनी तो म्हसा गावच्या जत्रेत, तंबूत पाहिला होता. "मरतो गो तो शेवटी," त्या आईला कुजबुजल्या होत्या, "पोराला दावू नको."

"आये, पुढचं बघू दे ना."

"बरा हो, मग बघ."

"आन् नाय झालो तर?"

"गप रे! कायपण बोलतो."

दिवाळीआधीच दादा गेला.

परवा मी तो सिनेमा पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. नायक मरत नाही. बरा होऊन घरी येतो आणि पोटभर जेवतो.

काकूंना जत्रेहून आमच्या गावाकडे आणणारा शेवटचा टेम्पो सिनेमा संपायच्या आधीच सुटत असे.