दाजींचे टाके आणि आईचा गुलाल

माझे दाजी ज्याच्या पोटाला एकदा टाके घालत, त्या माणसावर त्यांचा जन्मभराचा हक्क असे. लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणाऱ्या जुन्या पेशंटला थांबवून ते सगळ्यांदेखत म्हणत, "शर्ट वर कर की, जखम बघू दे." कोरडी रेघ दिसली की मगच जिलेबी घेत. कोल्हापुरातल्या त्यांच्या छोट्या दवाखान्यात एखादी जखम चिघळली तर दाजी ताटावरून न जेवता उठत आणि त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं हसत नसे. त्यातून पेशंटला भेटायला अख्खं गाव येई आणि जो तो पट्टीवर जोतिबाचा गुलाल लावी. देवाला नको म्हणायची दाजींची छाती नव्हती. त्यांनी दारातच जोतिबाचा फोटो लावला, शेजारी साबण ठेवला आणि येईल त्याच्यावर ओरडू लागले, "पावणं, गुलाल देवाला, साबण हाताला!"

दोन हजार सालानंतर टाक्यांसाठी जंतुनाशक लेप दिलेला धागा आला. त्याचं पाकीट दाजींनी माझ्या ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, नव्या साडीसारखं कौतुकानं दाखवलं. "ह्यो आतनं राखण करतोय," ते म्हणाले, "पण हात धुवायचं काम त्याचं न्हाय."

त्याच सुमारास नेसरीहून त्यांच्या आईंना आणलं. आतडं फुटून पोटात पू झाला होता. अशा पोटाची जखम बहुधा चिघळतेच, आणि ती चिघळली असती तर त्या थकल्या जिवाला सोसलं नसतं. आईवर सुरी चालवायला दाजी धजेनात. "तूच शिव," आई म्हणाल्या. दाजींनी तोच धागा वापरला आणि मग कॉटजवळून हलले नाहीत. जरा डोळा लागला असेल तेवढाच. एका सकाळी पट्टी सोडली तर कडेला लालभडक. दाजी म्हणाले, "आई, चिघळलं गं."

"चिघळलं कुठलं? गुलाल हाय त्यो. तुझा डोळा लागला तवा पट्टीच्या कडंनं लावलाय, तुझ्या हाताला यश यावं म्हणून."

"हात धुतलेलास?"

"साबणानं. तूच वरडतोस की."

दाजींनी गुलाल पुसला. जखम कोरडी होती. एवढा मोठा माणूस आईच्या पायांवर डोकं ठेवून रडला.

आई पुढं बरीच वर्षं जगल्या. तो धागा तर केव्हाच त्यांच्या अंगात विरून गेला होता. आता त्या नाहीत आणि दाजींनीही ऑपरेशनं सोडली आहेत. दवाखान्यातला जोतिबा घरी आलाय. रोज सकाळी कोपरापर्यंत हात धुऊन दाजी आईच्या नावानं त्याला गुलाल वाहतात. परवा मी तसाच पुढं झालो, तर ओरडले नाहीत. "धुऊन ये जा," एवढंच म्हणाले, आणि ओले हात वर धरून माझी वाट बघत उभे राहिले.